हुआ हिनला आम्ही, नाशिकला दोन फ्लॅट: ठेवावेत की विकावेत?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी आणि सौ. थायलंडमध्ये हुआ हिन या समुद्रकाठच्या गावात राहतोय. मी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो, वय ६४. मुलगी-जावई बँकॉकला नोकरीला आहेत, तिथून हे गाव साधारण २०० किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी नातीला घेऊन येतात. सौ.ला दमा आहे. नाशिकची थंडी तिला अजिबात सोसत नव्हती. तिकडे हिवाळाभर खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागायची, इथे डिसेंबरातही तेल गोठत नाही. एवढ्यावरून काय ते समजा.

नाशिकला दोन फ्लॅट आहेत. इंदिरानगरचा टू बीएचके, त्यात आम्ही २२ वर्षं राहिलो, भाडं १५,०००. दुसरा पाथर्डी फाट्याला वन बीएचके, २०११ साली घेतलेला, भाडं ९,५००. दोन्ही भाडेकरू चांगले आहेत.

आता मुद्दा. गेल्या जूनमध्ये इंदिरानगरच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा व्हिडिओ आला. इथे सकाळचे साडेआठ, तिकडे सात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा ओला डाग, मधोमध थेंब धरलेला, आणि खाली पिठाच्या डब्यावर टपटप. आमचा भाडेकरू गावी येवल्याला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. दुसरी किल्ली माझ्याकडे, हुआ हिनच्या कपाटात. शेवटी सोसायटीने वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. आठ घरं दुपारपर्यंत पाण्यावाचून बसली. भाडेकरू बिचारा मिळेल त्या गाडीने परत आला. निघालं काय, तर बाथरूममधला एक अँगल कॉक, अडीचशे रुपयांचा.

लोकांची बोलणी ऐकून मला इतकं लाजल्यासारखं झालं की त्याच आठवड्यात विमान पकडून आलो. गडबडीत इथलं री-एन्ट्री परमिट काढायचं राहिलं. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुक्कामाची वर्षाची मुदतवाढ रद्द होते. परत येऊन व्हिसाची सगळी कागदपत्रं पहिल्यापासून करावी लागली. अडीचशेच्या नळापायी दीड लाख गेले, वर मनस्ताप वेगळा.

मुलगी म्हणते दोन्ही विका. माझा जीव होत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

सिडकोवाला

काका, किल्ली! तिसरी किल्ली करून शेजारी द्या. बाकी सगळं नंतर.

पंचवटीची_लेक

सिडकोवाला +१. माझे आईबाबा दोन वर्षं भावाकडे मस्कतला होते तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा जाऊन सगळे नळ सोडायचे, फ्लश ओढायचा, गॅलरीच्या मोरीतला पाला काढायचा. वीस मिनिटांचं काम. पण ते करणारं माणूस लागतं.

हिशेबनीस

गोदाकाठ काका, मी गंगापूर रोडला सीए म्हणून काम करतो. गळती कळली, पण माझं लक्ष दुसरीकडे आहे. तुमचे भाडेकरू भाड्यातून टीडीएस, म्हणजे कर आधीच, कापतात का? आणि भाडं जमा होतं ते खातं कुठलं?

गोदाकाठ

टीडीएस नाही कापत. महिन्याला ५०,०००च्या खाली भाडं असेल तर कापावा लागत नाही ना? खातं माझं जुनंच बचत खातं आहे, पगाराचं होतं ते.

हिशेबनीस

हीच गल्लत सगळीकडे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती ५०,०००ची मर्यादा मालक भारतात राहणारा असेल तेव्हाची. तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस थायलंडला असता. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात की तुमच्यासारखे लोक आयकरासाठी अनिवासी. अनिवासी मालकाच्या भाड्याला किमान मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर सेस, म्हणजे ३१.२ टक्के भाडेकरूने कापून सरकारला भरायचे. १५,०००तले ४,६८० तिकडे, तुमच्या हातात १०,३२०. त्यासाठी भाडेकरूने टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढायचा आणि दर तिमाहीला विवरण भरायचं. नाही कापला तर नोटीस त्याला येते, तुम्हाला नाही.

आता दिलासा. तुमचं वर्षाचं भाडं २,९४,०००. त्यातून भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घरपट्टी दहाएक हजार धरली तर करपात्र रक्कम दोन लाखांच्या आसपास. दुसरं मोठं उत्पन्न इथे नसेल तर कर शून्य, कापलेले सगळे पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात. दरवर्षी हे नको असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच घेता येतो. फक्त ज्येष्ठ नागरिकांची वाढीव करमुक्त मर्यादा आणि कमी उत्पन्नवाल्यांची करसूट यांच्यावर विसंबू नका, त्या निवासींसाठी आहेत.

खातं मात्र लगेच एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. भाड्याचे पैसे एनआरओतून कर भरल्याचे कागद दाखवून तिकडे नेता येतात.

अंबडचा_भाडेकरू

हिशेबनीस सर, हे वाचून मला घाम फुटला. मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे आणि माझे घरमालक कॅनडात असतात. तीन वर्षं झाली. टॅन वगैरे मला कुणी सांगितलंच नाही. एजंटने सही घेतली, भाड्याचा एक महिना कमिशन घेतलं, गेला.

आणि भाडेकरू म्हणून एक सांगू का? सगळे मालकाच्या बाजूने बोलतायत. मालक परदेशात असला की आमचे काय हाल होतात ते ऐका. पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल येते. फोटो पाठवला की चार दिवसांनी उत्तर येतं, "बघतो". प्लंबर म्हणतो मालकाशी बोलल्याशिवाय भिंत फोडणार नाही. मालक झोपलेले असतात तेव्हा आमचा दिवस. लहान बाळ आहे घरात, त्याला त्या खोलीत झोपवत नाही आम्ही. भाडं मात्र पाच तारखेच्या आत जायलाच हवं. काका, तुम्ही विमानाने धावत आलात हे वाचून खरं सांगतो, बरं वाटलं. पण भाडेकरूला विमानाने येणारा मालक नकोय. दोन हजारांपर्यंतचा खर्च तू कर, भाड्यातून वजा कर, एवढं एक वाक्य करारात हवंय.

पंचवटीची_लेक

अंबडचा_भाडेकरू, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे.

गोदाकाठ

अगदी मनापासून पटलं. माझ्या करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं आहे, पण पैसे कुणी द्यायचे ते लिहिलेलंच नाही. आजच दोघांना मेसेज केला, ३,००० पर्यंत न विचारता करा, पावतीचा फोटो पाठवा, भाड्यातून कापा. हिशेबनीस, टीडीएसबद्दल दोघांशी फोनवर बोलतो. चूक माझी, भुर्दंड त्यांना, हे मला चालायचं नाही.

मोहाडीची_द्राक्षं

विकू नका हो! समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण सुरू झाला, २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, गावभर रस्त्यांची कामं चाललीत. पाथर्डी फाटा म्हणजे अंबडपासून हाकेच्या अंतरावर. भाडेकरू कधी कमी पडणार नाहीत. आमच्याकडे म्हणतात, जमीन विकणाऱ्याला परत घेता येत नाही.

एकलहरेकर

जमिनीचं ठीक आहे, पण हा पंधरा वर्षांचा फ्लॅट आहे, बाग नव्हे. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो आणि दर वेळी हेच ऐकतो. साधा हिशेब करा. काका, इंदिरानगरच्या फ्लॅटला आज काय येईल?

गोदाकाठ

शेजारचा नुकताच ५५ लाखांना गेला.

एकलहरेकर

म्हणजे १,८०,००० वर्षाचे, ५५ लाखांवर सव्वातीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, दर दोन भाडेकरूंमागे एकदा रंग, मधले रिकामे महिने. अडीच टक्के उरले तर नशीब. बँकेत ठेवले तर याच्या दुप्पट मिळतात आणि छतावर डाग पडत नाही.

मोहाडीची_द्राक्षं

आणि फ्लॅटची किंमत वाढते ती? ठेवीची वाढते का? माझ्या मामांनी २००५मध्ये गोविंदनगरचं घर विकून मुदत ठेव केली. आज त्या पैशात तिथे पार्किंगही येणार नाही.

सिडकोवाला

दोघांनी चहा घ्या. काका, मला त्या हुआ हिनचं सांगा. तिकडे आपल्यासारख्या माणसाला राहू देतात कसं? मिसळ मिळते का?

गोदाकाठ

वय ५० पूर्ण हवं. इथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर, किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवायचं. आम्ही ठेव ठेवली आहे. ती मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने खात्यात हवी, मिळाल्यावर तीन महिने हात लावायचा नाही, पुढेही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. मुदतवाढीची फी १,९०० बाट. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. आणि ते री-एन्ट्री परमिट, एका वेळेचं १,००० बाट, कितीही वेळा ये-जा करायची तर ३,८००. आता मी ३,८००वालंच काढतो, डोळे झाकून. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच. आम्ही भाड्यानेच राहतो. म्हणजे मीही कुणाचा तरी भाडेकरूच आहे, आणि माझी घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. नळ गळला की दहा मिनिटांत माणूस. अंबडच्या दादांचं म्हणणं त्यामुळे जास्तच लागलं.

मिसळ घरी. मटकी बँकॉकहून मुलगी आणते, काळा मसाला नाशिकहून येतो. पाव गोड मिळतो, त्याची सवय होत नाही. बाहेर शाकाहारी खायचं तर पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात "जे" लिहिलेली दुकानं शोधायची, नाहीतर भाजीतही माशाचा रस असतो.

संध्याकाळी मात्र सगळं विसरायला होतं. सौ. आणि मी किनाऱ्यावर चालतो, भाड्याने फिरवायची घोडी पाण्याच्या कडेने जात असतात. अंधार पडला की क्षितिजावर एकेक हिरवा दिवा लागतो. मोजत बसलो तर चाळीस-पन्नास. स्क्विड पकडायच्या होड्या असतात त्या. दोन वर्षांत तिचा पंप महिना महिना कपाटात पडून राहिलाय. हे मला कुठल्याही टक्क्यात मांडता येत नाही.

गुहागरवाला

स्क्विडला आमच्याकडे माकूल म्हणतात. :) काका, दमट हवाच हवी होती तर गुहागर काय वाईट होतं? मी नाशिकरोडचा, निवृत्तीनंतर इथे घर घेतलं. समुद्र तोच, भाषा आपली, व्हिसा नाही. नाशिकला काही झालं तर रात्री गाडीत बसलो की सकाळी दारात. पावसाळ्याचे चार महिने कपड्यांना बुरशी येते आणि वीज जाते, हे मान्य. मोठ्या दवाखान्यासाठी चिपळूण गाठावं लागतं, हेही मान्य.

गोदाकाठ

गुहागर सुंदरच आहे. पण नात बँकॉकला आहे हो.

गुहागरवाला

मग विषयच संपला.

बेट_मॉरिशस

मॉरिशस बेटावरून नमस्कार. मुलाकडे येऊन-जाऊन असतो. इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा मराठी समाज आहे, गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पहिल्या वर्षी विसर्जनाला समुद्रावर आरती ऐकली आणि रडलो. गोदाकाठ, तिकडे आपली माणसं आहेत का? कारण आमच्या अनुभवात घराच्या कटकटीपेक्षा एकटेपण जास्त खातं.

देवळाली_ताई

बेट_मॉरिशस यांनी विषय काढला म्हणून लिहिते. माझे यजमान आणि मी असेच परदेशी समुद्रकाठी राहिलो, साडेचार वर्षं. देश सांगत नाही. तिथेच ते गेले. अचानक, सकाळी. नंतर जे कळलं ते असं. नाशिकचं घर फक्त त्यांच्या नावावर, नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचं नाव, त्या आधीच गेलेल्या. भाडं जमा व्हायचं ते खातंही त्यांच्या एकट्याचं. भाडेकरू भला माणूस, पण त्याने भाडं कुणाला द्यायचं? सात महिने त्याने ते बाजूला काढून ठेवलं आणि मी आल्यावर वहीत टिपलेल्या तारखांसकट हातात दिलं. अजून त्या घरात तोच राहतो.

भाऊ, ठेवा किंवा विका, पण उद्याच्या उद्या तीन कामं करा. सोसायटीत नॉमिनेशन. खात्यावर वहिनींचं नाव. दोघांची इच्छापत्रं. आणि आरोग्य विमा बघा, आपली इथली मेडिक्लेम साधारणपणे तिकडच्या दवाखान्याचं बिल देत नाही. आम्हाला ते दवाखान्यात कळलं.

गोदाकाठ

ताई, काय लिहू. सौ.ला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प बसली. इंदिरानगरचं घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. नॉमिनेशन केलं होतं की नाही ते आठवतसुद्धा नाही. विमा इथला घेतलाय, महाग आहे, पण घेतलाय.

जिल्हा_न्यायालय_रोड

वकील आहे. ताईंनी सांगितलं त्यात थोडी भर. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. म्हणून इच्छापत्र हवंच.

भाड्याबद्दल. करार नोंदवलेला आहे ना? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितलाय. नुसत्या नोटरीवर विसंबू नका, वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदलेला असेल तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते.

तुम्ही तिकडे असल्याने इथे कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या. बँकॉकच्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घ्या, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. त्यात अधिकार मोजके लिहा. भाडेकरार, दुरुस्ती, सोसायटी, घरपट्टी. विक्रीचा अधिकार सरसकट देऊ नका, लागेल तेव्हा त्या एका घरापुरता वेगळा द्या. आणि सोसायटी भाड्याच्या घराला जास्तीचा आकार लावत असेल तर तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो.

सिडकोवाला

शेवटचं माहीत नव्हतं! आमची सोसायटी महिन्याला सरळ हजार रुपये जास्त घेते. उद्याच्या मीटिंगमध्ये विचारतो.

एकलहरेकर

विकायचं ठरलं तर अनिवासीला काय लागतं तेही हिशेबनीसांनी सांगावं. माझं मत अजूनही तेच, विका.

हिशेबनीस

दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, अधिक सेस. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय निवासींना आहे, अनिवासींना नाही. अडचण करापेक्षा कपातीची. कमी कपातीचा दाखला नसेल तर खरेदीदार नफ्यावर नाही, पूर्ण विक्रीच्या रकमेवर कापून मोकळा होतो, आणि ते पैसे परत यायला पुढचं वर्ष उजाडतं. आणखी एक, काका. वर्षात १८० दिवस तिकडे राहिलात की तुम्ही थायलंडचेही करदाते. १ जानेवारी २०२४पासून बाहेरून तिथे आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र आहे. दोन्ही देशांत करार असल्याने इथे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण कागद जपून ठेवा.

गोदाकाठ (सात आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय. दोन आठवडे नाशिकला येऊन गेलो, परमिट काढून.

पाथर्डी फाट्याचा विकायचं ठरवलं. तिथल्या भाडेकरूला आधी विचारलं, त्याला घ्यायला जमणार नाही म्हणाला, पण पोरांच्या परीक्षा होईपर्यंत राहू द्या म्हणाला. मे अखेरपर्यंत तो राहील. इंदिरानगरचा ठेवतोय. एकलहरेकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, मी दोनदा करून पाहिला. पण अजून आठ-दहा वर्षांनी आमच्यापैकी एकालाच परतायचं झालं, तर ओळखीच्या जिन्याने वर जाता आलं पाहिजे. ताईंचं वाचल्यावर सौ. एवढं एकच बोलली.

एनआरओ खातं झालं, त्यावर तिचं नाव आहे. नॉमिनेशन निघालं कोरंच, भरलं. इच्छापत्रं झाली. मुखत्यारपत्र पुतण्याला, वकीलसाहेबांनी सांगितलं तेवढंच. त्याला महिन्याला १,००० देतो. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. फुकटच्या माणसाला रात्री फोन करायला संकोच वाटतो. त्याच्यासोबत घरभर फिरलो आणि प्रत्येक कॉकवर ऑइलपेंटने नंबर टाकले. कुठला नंबर कुठलं पाणी बंद करतो त्याचा कागद दाराच्या मागे चिकटवलाय, एक प्रत खालच्या वहिनींकडे. त्यांचं छत रंगवून दिलं. तिसरी किल्लीही त्यांच्याकडेच आहे.

टीडीएससाठी इंदिरानगरच्या भाडेकरूचा टॅन मीच खर्च करून काढून दिला. मागच्या महिन्यांचंही व्याजासकट मी भरतोय. हिशेबनीस, पाथर्डीच्या विक्रीसाठी तो दाखला कधी मागायचा?

हिशेबनीस

गिऱ्हाईक पक्कं झालं की साठेखताच्या सुमारास लगेच अर्ज टाका, आणि दाखला हातात येईपर्यंत मोठी रक्कम घेऊ नका. दाखल्यावर खरेदीदाराचं नाव असतं, त्यामुळे त्याची माहिती लागेल. २०११चं खरेदीखत आणि पावत्या शोधून ठेवा.

अंबडचा_भाडेकरू

काका, मी माझ्या मालकांना हा धागा पाठवला. काल पहिल्यांदा त्यांचा स्वतःहून फोन आला. भिंतीचं काम सोमवारी सुरू होतंय.

देवळाली_ताई

छान वाटलं. वहिनींना सांगा, नाशिकला आलात की देवळालीला जेवायलाच या.

मोहाडीची_द्राक्षं

काका, पाथर्डी फाट्याचा कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? धाकट्या भावासाठी बघतोय.

गोदाकाठ

दुसरा मजला, लिफ्ट आहे. व्यक्तिगत निरोप केलाय.